अक्कलदाढ

लेवुबूच्या रस्त्याला आमचा दवाखाना.
फाटकाशी भाजलेल्या मोपानी अळ्या कपाने विकतात,
आत पहाटे पाचपासून बाकांवर माणसं.

व्हो-न्याद्झानी दर महिन्याला पोरीला घेऊन येते.
टॅक्सीत तिला तीन सीटचं भाडं पडतं,
पोरीशेजारी कुणी बसत नाही म्हणून.

मुलालो. सतरा पूर्ण.
फाइल मात्र अजून लहान मुलांच्या कप्प्यात,
पुठ्ठ्यावर जिराफ.
आत एक चौकोन : रुग्णाला समजतं का?
सहा वर्षं मी तिथे 'नाही' लिहीत आले,
शाई वाळायच्या आत पान उलटत.

विचारायचं ते सगळं आईला.
जेवते का. झोपते का.
पाळी येते का वेळेवर, हे आवाज खाली आणून,
जणू पोरीला तिच्याच रक्ताची बातमी लागायला नको.

फेब्रुवारीत आई म्हणाली, स्वतःलाच मारते.
गालावर, फाडफाड.
मी लिहिलं : आक्रमक.
डॉक्टरांनी अर्धी गोळी होती ती एक केली,
एप्रिलमध्ये एकीच्या दोन.
मग ती भिंतीला टेकून लाळ गाळत बसायची
आणि आम्ही म्हणायचो, आता बरी आहे.

आमच्यात बाईमाणसाचा नमस्कार म्हणजे
हात जोडायचे, मान लववायची, म्हणायचं 'आऽ'.
मुलालोही दारातून आत आली की 'आऽ'.
मीही 'आऽ'.
कौतुक वाटायचं. वळण आहे हो पोरीला.
फक्त तिचा आ वासलेलाच राहायचा,
मी पुढच्या नंबराला हाक मारेपर्यंत.
म्हटलं, असायचंच.

गेल्या मंगळवारी आई शुगरच्या रांगेत अडकली.
खोलीत उत्तर द्यायला कुणीच नव्हतं.
मी फाइल चाळली, घड्याळ पाहिलं,
पेनचं टोपण काढलं, लावलं,
आणि दुसरं काही सुचेना म्हणून तिलाच म्हटलं,
मुलालो, काय होतंय?

किती वेळ गेला कोण जाणे.
बाहेर दोन नंबर पुकारून झाले.
मग तिने माझं बोट धरलं,
वजनकाट्यावर चढताना धरते तसं,
आणि नेलं आपल्या तोंडात, डावीकडे,
पार मागे.

हातमोजा घालायचा राहिलाच होता.
हिरडी कढत. टम्म सुजलेली.
मधोमध एक टोक,
वर यायला जागा न मिळालेलं,
आडवं होऊन शेजारच्या दाढेत घुसलेलं.

'आऽ,' ती म्हणाली. माझ्या बोटासकट.

बावीस वर्षं झाली मला नोकरीला.
मला वाटत होतं, माझ्या सगळ्या येऊन गेल्या.

दातांची गाडी एलिमहून गुरुवारी येते.
चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला,
आणि सवयीने दाराकडे वळले, आईला द्यायला.

मुलालोचा हात
आधीच पुढे झाला होता.