नामावलीत शेवटून तिसरी

सव्विसाव्या वर्षीच ती साठीची झाली.
ओल्डहॅमच्या कंपनीत म्हातारीचं काम करणारी बाई
गालगुंड होऊन पडली, आणि मॉड पिकर्सगिलनं
केसांना पीठ चोळलं. खरंखुरं, स्वयंपाकघरातलं.
दुसऱ्या अंकात घाम फुटला, त्याची कणीक झाली.
लोक हसले. मॅनेजर म्हणाला, हेच ठेव.

त्यानंतर तिला कुणी तरुण होऊ दिलं नाही.

मी तिचे हुक लावायचे. अकरा वर्षं.
सोमवारी नवं नाटक, रविवारी आगगाडी,
क्रू स्टेशनवर गारढोण चहा,
मासळीच्या पेट्यांना टेकून आमच्या ट्रंका.
भाड्याच्या खोल्यांच्या मालकिणी ती टिपून घ्यायची:
हडर्सफील्डच्या मिसेस स्लिंग्सबीचं किल्ल्या मोजणं,
प्रेस्टनच्या बाईचं दारात थबकून नाक ओढणं.
"चोरी कसली गं," म्हणायची, "भाडं दिलंय मी."

स्कारबरोला एक ट्रॉम्बोनवाला होता, धक्क्यावरच्या बँडमध्ये.
टोब्रुकहून त्याचं पत्र आलं, मग आलं नाही.
एवढंच बोलली, तेही चेहऱ्यावरचा रंग पुसताना.

पुढे सिनेमा. पहाटे पाचची बस.
प्रेत पहिल्यांदा तिलाच दिसायचं.
चौदा वेळा किंचाळली, दर वेळी निराळी:
उमरावासाठी खालच्या पट्टीत,
पाद्र्यासाठी जरा उशिरा,
"आधी वाटणारच ना, डोळा लागलाय म्हणून."
आणि रात्री परतीच्या बसमध्ये
मांडीवर बीटाचं सँडविच, बोटं लालभडक.

होव्हची तिची खोली मीच आवरली, मार्चमध्ये.
गॅसच्या शेगडीमागे वही. भूमिकांची नावं नाहीत,
बहुतेकींना नाव नव्हतंच,
फक्त आत येताना हातात काय होतं ते:
ट्रे. ट्रे. तार. कोळशाची बादली.
मेलेलं कोंबडं. ट्रे. बाळ (उसनं, चावलं).
ट्रे.
एका ओळीत काहीच नाही.
शेजारी पेन्सिलनं, बारीक:
हात मोकळे. काय करू कळेना.
त्यांनी खुर्ची पुढे केली. बसले.

तो सिनेमा मी दोनदा पाहिला, ब्रायटनला, दुपारच्या खेळाला.
खुर्ची आहे. बसणं कापलंय.
ती दारात दिसते,
आणि लगेच आगगाडी.