निरंक

फोन फाटकावर जमा केला.
गळ्यात बिल्ला : अभ्यागत, एकोणीस.
डबासुद्धा उघडून पाहिला त्यांनी, भेंडीची भाजी हलवून.
रंग, ब्रश आणि टेप मात्र जाऊ दिली.
झाडं मोजायला आलेय म्हटल्यावर
चौकीतला म्हणाला, कुठली?
जशी कुणाची हरवलीयत.

घोडबंदर रस्ता भिंतीला लागूनच,
पण दोनशे पावलांनंतर तो ऐकू येईना.
मी उगाच कान चोळले.

बरकू पुढे. त्याचा पाडा भिंतीबाहेर,
त्याचा वाघोबा आत.
वर्षातून एकदा पास काढून
तो शेंदूर घेऊन येतो; नारळ तपासून सोडतात.
एरवी देव एकटाच असतो, सरकारी हद्दीत,
त्याची काही तक्रार नाही म्हणे.

ऐन, तो सांगतो, मी लिहिते.
सुसरीच्या पाठीसारखी साल.
हेद. कळंब. पुन्हा ऐन.
त्या बिब्ब्याला शिवू नका, मॅडम.
आणि मग कुसुम.
ऑफिसची टेप शिंप्याची, दीड मीटरची,
ती खोडाच्या कडेवरच संपली.
म्हणून आम्ही दोघांनी कवेत घेऊन पाहिलं,
बोटाला बोट लागेना.
आमच्यावर लक्ष ठेवायला दिलेला हवालदार रौतेला
इकडेतिकडे बघत बंदूक पाठीवर सरकवून आला
आणि त्यानं तिसरी बाजू धरली.
तेव्हा कुठे झाड पुरं झालं.

रौतेला कुमाऊंचा.
चौकीच्या खिडकीत पासांच्या गठ्ठ्यावर
त्यानं गावाहून आणलेलं एक लाकडी बोंड ठेवलंय,
वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून.
चीड का है, तो म्हणाला, हमारे यहाँ पूरा पहाड़ चीड़ का।
मी हसले.
आमच्या भाषेत चीड म्हणजे वेगळंच काही, म्हटलं,
पण डोंगरभर तीही असते.

रंगाचा डबा उघडला तसा बरकू आडवा आला.
आकडा नका घालू.
का रे?
आमच्याकडच्या रस्त्यावर घातले होते ना तुम्ही,
चौदापासून एकसष्टपर्यंत,
तेवढेच गेले.
बिनआकड्याची बाभूळ अजून उभी आहे.
त्यानं हे भांडून नाही सांगितलं,
भाव सांगावा तसं सांगितलं.
मी झाकण दाबून बसवलं. तळव्यानं. दोनदा.

निघताना साहेबांनी वही मागितली,
दोनशे बारा झाडांची पानं अलगद सोडवून घेतली,
चहा पाजला,
सुरक्षेचा प्रश्न आहे, समजून घ्या.

ऑफिसात जाधव मॅडम म्हणाल्या, रकाना रिकामा चालत नाही.
मग मी लिहिलं :
प्रतिबंधित क्षेत्र, वृक्षसंख्या निरंक.
सही. शिक्का. तीन प्रती.
समोरच्या टॉवरवर तोवर जाहिरात चढली होती,
जंगल दिसणाऱ्या खिडकीचे अठरा लाख जास्त.

आठव्या दिवशी हात सुजला.
कोपरापासून मनगटापर्यंत काळे फोड,
आग आग.
डॉक्टर चष्मा वर करून म्हणाले,
हा तर बिब्बा उतलाय.
ठाण्यात कुठे भेटला तुम्हाला बिब्बा?

फाटकावर त्यांनी सगळं तपासलं होतं.
मी बाही खाली ओढली.