सात जणांची गाडी

अकरा वर्षं छोट्या गाडीतून हिंडले.
मागच्या सीटवर सिलेंडर, सक्शन, नळ्यांची बॅग.
सकाळी यावल, दुपारी फैजपूर,
रात्री दोनला चोपड्याहून फोन :
मॅडम, सिझर आहे, निघा.
केळीच्या ट्रकांमागे धूळ खात
भुलेचा हिशेब मनात मांडायचा :
वजन, वय, शेवटचं कधी जेवली.

शोरूममधला सूर्यवंशी
माझ्याशी कमी, हेमकांतशीच जास्त बोलत होता.
टॉर्क, सनरूफ, मसाज करणारी सीट.
मी आत बसून दार ओढलं
आणि मे महिन्यातलं जळगाव बाहेर राहिलं.
अजिंठा चौफुलीचे सगळे हॉर्न
कुणी मास्क धरून निजवल्यासारखे.
तेवढ्यावर सही केली.

खोटं कशाला बोलू,
उंचीसाठीही केली.
ज्या सर्जननं माझी फी वर्षभर लटकवली
त्याच्या गाडीचं टप आता मला वरून दिसतं.
पक्ष्यांनी घाण केलेलं.

हप्ता किती, हे सासूबाईंना अजून माहीत नाही.
ती आमच्या फाटकातून आत येत नाही,
लिंबाखाली उभी असते लिंबोळ्या झेलत.
वॉर्डातल्या हिराआक्का, अमळनेरच्या,
बॉनेटवर हात फिरवून म्हणाल्या,
"हाई गाडी शे का घर शे, माय?"
मी किल्ली शोधायला लागले.

पौषातल्या रविवारी भालोदला
फिरक्यांच्या मळ्यात भरीत.
कपाशीच्या काट्यांवर भाजलेली वांगी,
हिरव्या मिरचीचा ठसका, कळण्याच्या पुऱ्या.
परतताना तो धूर सगळा
आमच्या केसांतून सीटांच्या कातड्यात.
"पंचेचाळीस लाखांना वांग्याचा वास,"
हेमकांत म्हणाला आणि घोरायला लागला.
मग दोघी नणंदा. मग ओजस, रेवा.
शेवटी तिसऱ्या रांगेत सासूबाई,
नळ्यांच्या बॅगेवर पाय ठेवून.

आरशात मी मोजत होते :
सहा छात्या, वर-खाली.
कुणालाच काही टोचलेलं नव्हतं.

यावलच्या फाट्याआधी फोन थरथरला.
पलीकडून तेच : मॅडम, निघा.
भुसावळचा रस्ता डावीकडे राहिला.
मी चोपड्याकडे वळले,
इतकं हळू
की मागे एकाचंही डोकं काचेला लागलं नाही.