दोनशे अकरावा व्हॉल्व्ह

सभा बरखास्त झाली रात्री साडेअकराला.
मला कळलं पहाटे, साखर पेठेत,
खड्ड्यात गुडघाभर पाण्यात उभा असताना.
पेपर टाकणारा अंबादास सायकल न थांबवता ओरडला,
"बिराजदार, तुमची महापालिका गेली की!"
मी चावीला अजून दोन आटे दिले.
गेली म्हणजे कुठं जाईल?
पगार तर पाच महिन्यांपूर्वीच गेला होता.

उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर चालत येतं
आणि शेवटच्या दोनशे पावलांत दमतं.
ती दोनशे पावलं माझ्याकडं.
नीळ्ळु एप्पुडु? नीरु यावाग? पाणी कधी?
तीन भाषांत एकच प्रश्न.
मी नुसती मान हलवतो,
तिन्ही भाषांत तिचा अर्थ वेगळा लागतो.

पूर्वी रात्री फोन वाजायचा.
नगरसेवक आधी विचारायचे, जेवलास का,
मग गल्लीचं नाव घ्यायचे.

प्रशासक आले. बुटके, खिशाला शाईचा डाग.
त्यांनी महापौरांच्या दालनाला कुलूप लावलं.
आतला एसी बंद करायचं कुणाच्याच लक्षात नाही,
सोमवारपर्यंत तो एकटाच
सभा चालवत राहिला.

मग फायली निघाल्या:
न लागलेल्या दिव्यांची बिलं,
उभ्या बसगाड्यांनी प्यालेलं डिझेल.
साहेबांनी विचारलं, "शहरात व्हॉल्व्ह किती?"
अभियंत्यांनी नकाशा पसरला, अडुसष्ट सालचा.
वाळवीनं त्यात
नगररचनेपेक्षा जास्त रस्ते काढले होते.

म्हणून मला बोलावणं.
दाराशी चपला काढल्या. "राहू द्या," म्हणाले.
मी काढल्याच.
मला ही विद्या मकबूल मुकादमांनी दिली, अनवाणी:
पहाटे डांबरावर उभं राहायचं, बोलायचं नाही,
खालून पाणी गेलं की तळव्याला कळतं
जसं झोपेत कुणी कूस बदलावी.
साहेबांच्या फरशीखालून काहीच जात नव्हतं.
अंदाजपत्रकाच्या पाठकोऱ्या कागदांवर
दोन दिवस बसून मी अख्खं शहर काढलं.
माझ्या हातून पहिल्यांदाच
सोलापूर कागदावर उतरलं; थोडं तिरकं आलं.

पाणी तिसऱ्या दिवशी येऊ लागलं, खोटं कशाला बोलू.
दोन पगार एकदम जमा झाले.
पाणीपट्टी वाढली. थकलेल्यांचे नळ तुटले.
विड्यांची टोपली घेऊन नर्सम्मा अंकम
पालिकेच्या फाटकापाशी उभी. रखवालदार म्हणाला,
तक्रार मोबाइलवर करा.
माझ्याकडं वळली:
"आधी रिकामी घागर आपटायला एक दार तरी होतं रे."
"पाणी येतंय की आता, नर्सम्मा."
"येतंय. म्हणून काय भांडायचं सोडून देऊ?"
हातातलं पान तिनं कात्रीनं कापलं,
नीट, मापात.

सतरा महिन्यांनी साहेबांची बदली झाली.
आम्ही त्यांना चादर दिली, मोरांची.
माझा नकाशा काचेत बसवून गेले,
खाली लिहिलंय: एकूण व्हॉल्व्ह दोनशे दहा.

दोनशे अकरावा मी काढला नव्हता.
बंद गिरणीच्या भिंतीमागं, चिंचेखाली,
त्याच्या पुढं चाळीस घरं.
कुठल्याच रजिस्टरात ती नाहीत.
कागदावर आली तर आधी तुटतील,
मग अर्ज, मग पाहणी, मग जोडणी.
मधल्या काळात ती माणसं काय पितील
असा रकाना कुठल्या फॉर्मात असतो?
साहेब भला माणूस होता. म्हणूनच सांगितलं नाही,
त्याला नियमानं वागावं लागलं असतं.

नगरसेवकांना मात्र तो ठाऊक होता.
दर पाच वर्षांनी आठवडाभर
तिथं रोज पाणी असायचं.

निवडणूक लागणार म्हणतात.
काल रात्री फोन वाजला.
"मल्लिनाथ, जेवलास का रे?"
मी हुंकार दिला.
चावी उशाशी होती, थंडगार.
पहाटे चार आटे फिरवायचे,
कुणी गल्लीचं नाव घ्यायच्या आत.