सायकलीबद्दल मत विचारलंस म्हणून

केंजळे, तू विचारलंस म्हणून सांगतो.
तीनशे दहा रियाल. उल्काने फोनवर लगेच भागाकार केला:
घरी पाठवतो त्याचे दोन महिने, आणि वर थोडं.
हिशेबात ती चुकत नाही.

वजन साडेदहा किलो. खजुराच्या दुकानात
गोण्यांच्या काट्यावर तोललीय मी, दुकानदार हसत असताना.
ब्रेक तारेचे, तेलाचे नव्हेत.
उतारावर दोन बोटांनी भागत नाही, मूठ वळावी लागते.
टायर चाळीसचे बसतात. सीट पहिल्याच दिवशी बदल.

शाजी म्हणतो, कार्बन घ्यायची, रस्ता हाताला लागत नाही.
त्याची कार्बनची गेल्या हिवाळ्यात गाडीच्या टपावरून पडली.
तेव्हापासून दर गुरुवारी रात्री तो
नाण्याने टकटक करत तिच्या अंगाला कान लावतो,
बाजारात कलिंगड निवडतात तसा.
रोडेल म्हणतो, स्टील. कुठल्याही गावात वेल्डर सापडतो.
खरं आहे. दोघांचंही खरं आहे.

पण मी सतरा वर्षं सोहारच्या या भट्ट्यांवर.
हा धातू मी नऊशे साठ अंशांना पाहिलाय,
ओगराळ्यात आला की क्षणात साय धरतो,
तापल्या दुधासारखी.
पॉटरूमच्या चुंबकाने माझी दोन घड्याळं खाल्ली.
लगडी जहाजात चढतात, पुढे कुठे जातात
ते आपल्याला कोण सांगतो?
दुकानात हिच्या नळीवर टिचकी मारली, तेव्हा वाटलं,
ही माझ्याच शिफ्टची असली तर?
रंग लावून, नवं नाव घेऊन परतलेली,
सुट्टीवर गावी उतरणाऱ्या माणसासारखी.

शुक्रवारी पहाटे वादीत ये.
ग्रेडर फिरून गेलेला रस्ता, पन्हाळी पत्र्यासारखा,
मैलोन् मैल.
मनगटं बधिर होतात, दात वाजतात,
बाटली पिंजऱ्यातून उडी मारते.
तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेव:
स्टीलला एक मर्यादा असते,
तिच्याखालचे धक्के ते पोटात घालतं.
ॲल्युमिनियमला ती नाही.
बारीकसारीक प्रत्येक दणका ते मांडून ठेवतं,
कुणाला दाखवत नाही,
आणि एक दिवस सपाट रस्त्यावर, काहीच कारण नसताना...

घाबरू नकोस. नीट बांधलेली आहे.
तो दिवस तुझ्या माझ्या व्हिसापेक्षा लांब आहे.

जानेवारीत सईद अल-मकबालीच्या बागेत शर्यत झाली.
तिकडे थंड देशांत ही चिखलातली शर्यत, म्हणे.
इथे चिखल कुठला?
सईदने फलजचं पाणी रात्रभर माडांना सोडलं,
खजुराची खोडं वाटेत आडवी टाकली,
झाला चिखल, झाले अडथळे.
बकऱ्या बघत होत्या. सईदची आई
कॉफीचा दल्ला घेऊन बसली होती,
प्रत्येक फेरीला मला एकच प्रश्न विचारत होती,
मला अरबीतलं तेवढं कळतं:
अजून किती?

मी खालून तिसरा आलो.

पण चौथ्या फेरीत, खोडापाशी उतरून
सायकल उचलली आणि खांद्याला लावली,
तेव्हा कळलं, वरच्या नळीची खालची बाजू
गोल नाही, चपटी आहे.
कुठल्याशा कारखान्यात, एवढ्या स्वस्त सायकलीसाठीसुद्धा,
कुणीतरी बसून खांद्याचा विचार केला होता.
वाहन बनवताना, ते वाहून नेणाऱ्याचा.

सतरा वर्षांत माझ्यासाठी बनलेल्या वस्तू मोजल्या
तर हेल्मेट, बूट, काळी काच,
सगळ्या मला काही होऊ नये म्हणून.
ही पहिलीच,
जिने गृहीत धरलं की मी पळेन.

तर घे. पेडल वेगळे घ्यावे लागतात,
ते किमतीत धरलेले नाहीत.
उल्काला सांगताना तेही धर.