हातचा

गुरुवारी चारनंतर
किसुमूच्या बसतळामागे, ओबुरा मिस्त्रीच्या गॅरेजात
उलट्या क्रेटवर मी बसते.
शाळेतून निवृत्त झाले,
गणितातून नाही.

पोरं येतात.
भाड्याने मोटरसायकल चालवणारी, वेण्या घालणारी,
मोबाइलच्या फुटक्या काचा बदलणारी.
आल्याआल्या म्हणतात, बाई,
पगारच नाही, तर बजेट कसलं?
ते ऑफिसातल्या साहेबांचं काम.

ओग्वेनो तर आधी बसलाच नाही.
हेल्मेट काखेत, एक पाय बाहेर,
जसा काही मी दंड वसूल करायला आलेय.
अंथरूण पाहून पाय पसरावे, मी म्हटलं.
तो म्हणाला, माझं अंथरूण रोज वेगळं असतं.
सोमवारी चादर, मंगळवारी रुमाल,
दिवसभर पाऊस लागला तर नुसती जमीन.
पाय कुठल्या मापाने पसरू?

पस्तीस वर्षं शिकवलं,
हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मग म्हटलं, फोन काढ.
मागच्या महिन्याचे मेसेज वाच, मोठ्याने.
वही तुझ्या खिशातच आहे,
फक्त कुणी वाचली नाही.

पेट्रोल चारशे.
उगाली-ओमेना ऐंशी.
आईला पाचशे, धाकटीच्या गणवेशाला बाराशे.
कर्ज मिळालं, हजार.
कर्ज फेडलं, अकराशे चाळीस,
ते फेडायला दुसरीकडून पुन्हा हजार.
मावसभावाच्या सासऱ्याच्या मयतीला तीनशे
(नाही म्हटलं तर गावात तोंड कसं दाखवू, बाई?)

आवाज बारीक होत गेला.
काही ठिकाणी अंगठा भराभर सरकला.
मी पाहिलं,
आणि पाहिलं नाही.

बेरीज केली. आठशे जुळेनात.
चार शनिवार, दर शनिवारी दोनशे.
ओबुराने पाना हळूच खाली ठेवला,
इतका वेळ तोही ऐकत होता.
सामन्यावर लावले, ओग्वेनो म्हणाला,
मला नाही, हेल्मेटला.

वर्ग असता तर मी बोलले असते.
इथे एवढंच म्हटलं : लिही.
लिहिलेल्या आकड्याशी भांडता तरी येतं.

मग सहज विचारलं, टाकीत किती आहे?
न बघता म्हणाला, साडेतीन लिटर, वर रिझर्व्ह.
रिझर्व्हवर चालवतोस?
छे! ते पंपापर्यंत पोचायला.
रात्री कोंडेलेच्या रस्त्यावर गाडी बंद पडली, तर
कोण...
आणि थांबला.

बाहेर कुणीतरी मासे तळत होतं.
तेलाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

चौथीत तू बेरजेत हातचा विसरायचास, मी म्हटलं.
आठवतं?
सगळे आकडे बरोबर, उत्तर चूक.
चांगल्या दिवशी शंभरातले दहा, हातचे.
वाईट दिवशी शून्य.
पण शून्यही लिही,
शून्याला लाजायचं नसतं.
तो हसला नाही. पण बसला.

पुढच्या गुरुवारी वही आणली,
मागे पाढे छापलेली, शाळेतल्या पोरांची.
बुधवार : हातचे चाळीस.
गुरुवार : शून्य (चाक पंक्चर).
शनिवार : सामना, शंभर.
दोनशे नाही, शंभर. अक्षर जरा बारीक.
रविवार : मयतीची वर्गणी, शंभरच दिले.
तोंड दाखवलंस का, विचारलं.
दाखवलं, म्हणाला. जेवायलाही वाढलं.
कर्जाच्या पानावर अजून
काही लिहिलं नव्हतं, पण पान सोडलं होतं,
वर मथळा घालून.

बेरीज मात्र चुकली होती.
हातचा विसरला होता, चौथीसारखाच.
मी पिशवीतलं लाल पेन काढलं नाही.
त्याच्याच पेन्सिलीने शेजारी
एक बारीक टिंब दिलं.