पन्नासच्या आसपास

ऐरोलीतल्या या खोलीला खिडकी नाही.
सूर्य मला आकड्यांत दिसतो,
साडेबाराला सगळ्यात मोठा,
आणि धाराशिववर ढग आला की
चहाच्या एका घोटात तीनशे मेगावॅटनं लहान.

पडद्यावर मधोमध एकच आकडा, पन्नास.
त्याच्या आसपास राहायचं, एवढंच काम.
खाली घसरला की मान आखडते,
वर गेला की कुणाला तरी सांगायचं, कमी करा.

कुणाला तरी, म्हणजे बहुतेक वेळा ढाकण्यांना.
तिकडे भुसावळला, तीन नंबरचा संच.
अकरा वर्षांत आम्ही एकमेकांचा चेहरा पाहिला नाही.
खोकला ओळखते मी त्यांचा,
आणि त्यामागची कोळसा दळणारी घरघर,
इतकी सततची, की तो त्यांचाच आवाज वाटायचा.

"मॅडम, दुपारी खाली घ्या म्हणता, संध्याकाळी वर.
म्हैस आहे हो ही.
बसली की उठायला आठ तास."
मी म्हणायचे, दुपारचा पाहुणा आलाय,
हात भरून आणलंय त्यानं,
आधी त्याचं घ्यावं लागतं.
"आणि दिवेलागणीला पाहुणा उठून जातो, तेव्हा?"
तेव्हा तुम्ही आहात ना, ढाकणे.
कोयनेचं पाणी आहे, पण ते मोजून.

माझे वडील ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसात राख ओढायचे.
आई कपडे घरातच वाळत घालायची,
कोंदट वास यायचा शाळेच्या गणवेशाला.
भट्ट्या थांबल्या त्या महिन्यात
तिनं पहिल्यांदा अंगणात दोरी बांधली.
पांढरा सदरा वाळून पांढराच राहिला.
ती बघत राहिली त्याच्याकडे.
वडील आत, भिंतीकडे तोंड करून.
खरं दोघांचंही होतं.
हे मला कुठल्याही बैठकीत मांडता आलेलं नाही.

बैठकीत आलेख असतो.
दुपारी परातीसारखा खोलगट,
सहानंतर त्याला एकदम कडा फुटतो.
त्या कड्यावर घोडबंदरचे एसी चढतात,
रबाळ्यातले कंप्रेसर, कळव्याच्या चाळींतले मिक्सर,
आणि आता चार्जिंगला लावलेल्या रिक्षाही.
बॅटऱ्या येतायत, म्हणतात साहेब.
येतायत.

मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी
मी सांगितलं, तीन नंबर, शून्य करा.
"किती वाजता परत घ्यायचा?"
त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.
मी वेळ सांगितली नाही. त्यांनीही लिहिली नसावी.

आकडा जरासा खचला,
एकोणपन्नास पूर्णांक चौऱ्याण्णव,
आणि सावरला. ठाण्यात कुणाचा पंखाही अडखळला नसेल.
"तुमच्याकडे किती दिसतंय?"
पन्नासला दोन पॉइंट कमी.
"मग ठीक आहे."
फोन तसाच राहिला चालू.
घरघर नव्हती मागे.
कुणीतरी स्टीलचा पेला टेबलावर ठेवला,
तो इकडे ऐरोलीत ऐकू आला.

मग म्हणाले,
"मॅडम, टर्बाइन लगेच थांबवत नाहीत.
तापलेला शाफ्ट नुसता पडू दिला तर वाकतो.
बॅरिंग गिअरवर टाकतात, हळूहळू फिरवत ठेवतात,
तीन-तीन दिवस, पार थंड होईपर्यंत.
माझ्याकडं कंत्राटाची एकशे चाळीस पोरं आहेत.
त्यांना किती दिवस फिरवणार, ते कुणाला विचारू?"

माझ्या तक्त्यात वेळ, संच, मेगावॅट,
आणि शेवटी शेरा, दोन बोटं रुंद.
मी लिहिलं, आदेशानुसार.

बुधवारी सहा वाजता कडा चढायला लागला
आणि सवयीनं बोटानं भुसावळ दाबलं.
ठेवून देणार, तोवर उचलला त्यांनी.
काय बोलावं सुचेना, तर तेच म्हणाले,
"फिरतोय अजून, मॅडम."